कुठून गळतं?

शस्त्रक्रियेआधी हात धुऊन झाले की डॉक्टर ते पुसत नसत. कोपरांवरून पाणी ठिबकत असलेले दोन्ही हात छातीसमोर उभे धरून ते आमच्याकडे वळत आणि विचारत, "बोला. कुठून गळतं?"

खोलीत आम्ही चौघे असायचो. झाडलोट करणारा भिवा, रोग्याला क्लोरोफॉर्म हुंगवणारा मदतनीस, मी कंपाउंडर आणि डॉक्टर स्वतः. बोलायचं भिवाने आधी, डॉक्टरांनी सगळ्यात शेवटी. आजच्या कामात कुठे बिघडू शकेल, ती एक जागा प्रत्येकाने सांगायची. भिवा म्हणे, खिडकीच्या जाळीला भोक पडलंय, माशी येईल. मदतनीस म्हणे, बाईला पहाटे पेज पाजलीय घरच्यांनी, ओकेल. जागा खरी निघाली तर आधी ती दुरुस्त व्हायची, मग सुरी. आणि काम आटोपल्यावर डॉक्टर खिशातली चांदीची डबी काढून त्या माणसाला एक वेलदोडा देत.

"काही नाही" हे उत्तर चालत नसे. मदतनिसाने नवेपणी एकदा तसं म्हटलं, तर डॉक्टर शांतपणे म्हणाले, "डोळे घरी राहिले वाटतं. जा, घेऊन या." त्याला थट्टा वाटली. पण त्याला खरोखरच भर उन्हात पारनाक्यापर्यंत घरी जाऊन परत यावं लागलं, आणि तोवर काम थांबलं. आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "सापडले?" तो म्हणाला, "टेबलाचा एक पाय हलतोय." त्याला वेलदोडा मिळाला.

आमचा दवाखाना कल्याणला बंदराच्या वाटेवर होता. एका शेटजींनी धर्मार्थ बांधलेला. त्या वेळी आगगाडी येऊन बरीच वर्षं झाली होती, तरी भात, मीठ, गवत अजून मचव्यांतूनच खाडीने जाई. संध्याकाळी डॉक्टर बंदरावर फिरायला जात. तिथे कोपर गावचा धर्मा म्हणून एक म्हातारा मचव्यांचे सांधे भरायचं काम करी. दोन फळ्यांच्या फटीत तेलाचा कापूस ठासायचा आणि वरून राळ. एकदा डॉक्टर गेले तेव्हा चिखलात टेकवलेल्या एका कोऱ्या मचव्यात धर्माची माणसं कळशांनी पाणी ओतत होती. नव्या लाकडात पाणी का भरता, असं डॉक्टरांनी विचारलं.

धर्मा म्हणाला, "दर्यात पानी भायेरशी आत येतं. हितं आतशी भायेर जातं. भोक तंच. हितं दिसला तं बुजवता येतंय."

डॉक्टर अंधार पडेपर्यंत तिथे उभे होते म्हणे. दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे "कुठून गळतं" सुरू झालं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दुसऱ्याच्या धंद्यातली एक गोष्ट उचलतात आणि तिच्यावर सगळं आयुष्य उभं करतात. आमच्या डॉक्टरांचा दुसरा हट्ट वहीचा. तेव्हा जखम भरून रोगी आपल्या पायांनी दाराबाहेर पडला की तो बरा झाला, असं सगळे डॉक्टर धरत. हे म्हणत, "गलबत बंदरातून नुसतं सुटलं, तर पोचलं म्हणून कुणी नारळ वाटतं का?" वर्ष झालं की छत्री घेऊन ते स्वतः मचव्यात बसत आणि त्या गावी जाऊन माणूस जिवंत आहे का ते बघून येत. औषधांची पेटी घेऊन मी बरोबर असे.

दिवा गावच्या एका बाईची छातीतली गाठ त्यांनी काढली होती. वर्षाने आम्ही गेलो तर ती अंगणात भात पाखडत होती. घरच्यांनी आम्हाला देवासारखं बसवलं, ताक दिलं. डॉक्टरांनी तिच्या काखेत बोटं घातली, क्षणभर डोळे मिटले आणि सरळ तिला म्हणाले, "परत आलंय. काखेत अवधाण धरलंय, गाठी सुजल्यात." नवऱ्याने विचारलं, आता काय करायचं. "काही नाही," डॉक्टर म्हणाले. मग पेल्यात उरलेलं ताक ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. बाई पुन्हा सूप उचलून पाखडायला लागली. इतकं उघडं बोलायची काय गरज होती, असं परतताना माझ्या मनात आलं. मुंब्र्याचा डोंगर मागे पडत असताना त्यांनी वही काढली आणि तिच्या नावापुढे लिहिलं, "माझा हात. काख सोडली."

त्यानंतर छातीची गाठ काढताना ते काखही साफ करू लागले. साहेबाच्या देशातले मोठे डॉक्टर असं करतात, हे त्यांनी वाचलं होतं. आमच्या भागात तसं कुणी करत नव्हतं.

ती वही दर सोमवारी सकाळी ओसरीवर मोठ्याने वाचली जाई. औषधाला आलेले लोक समोर बसलेले. रोग्याचं नाव, गाव, काय बिघडलं, आणि शेवटी कुणाचा हात. स्वतःचं नाव ते जितक्या थंडपणे वाचत तितक्याच थंडपणे आमची वाचत. त्यांना यात न्याय दिसे. आम्हाला काय दिसे ते त्यांनी कधी विचारलं नाही.

आता माझ्या गळ्यातल्या दोऱ्याची गोष्ट सांगतो.

जखम शिवायचा रेशमी दोरा रात्रभर कार्बॉलिकच्या जंतुनाशक पाण्यात बुडवून ठेवायचा, हे माझं काम. एका रात्री मी विसरलो. सकाळी आठवलं तेव्हा बुडवला. हात धुऊन डॉक्टर वळले, भिवाचं झालं, मदतनिसाचं झालं, आणि मी सांगून टाकलं, "दोरा रात्री भिजत घातला नव्हता. सकाळी घातलाय." मला वाटलं, वेलदोडा मिळेल.

त्यांनी शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवसावर ढकलली. ते बरोबरच होतं. पण त्या सोमवारी वहीतली माझी ओळ वाचून झाल्यावर ते आत गेले आणि रेशमाची आख्खी लड घेऊन आले. ती त्यांनी माझ्या गळ्यात घातली. म्हणाले, "दुपारपर्यंत असेच औषध द्या. गळ्यात असला की विसरणार नाही."

ओसरीवर माझे सासरे बसले होते. खोकल्याचं औषध घ्यायला आले होते. त्यांनी बाटली घेतली, माझ्या गळ्याकडे पाहिलं आणि जावयाशी एक शब्द न बोलता निघून गेले. बाजारात माझं नाव पडलं दोरेवाले. माझी बायको मेल्यावर मर्तिकाला आलेल्या एका म्हाताऱ्यानेही मला त्याच नावाने ओळखलं.

त्या दुपारी लड उतरवून ठेवताना मी ठरवलं, स्वतःची गळती पुन्हा सांगायची नाही. भिवा आणि मदतनीस यांनीही तेच ठरवलं असणार, कारण त्यानंतर रोजच्या उत्तरांत माशी, खिडकी, टेबलाचा पाय, उजेड हेच येत राहिलं. लाकडाची भोकं आम्ही भरपूर सांगितली. हातांचं एकही नाही. डॉक्टरांच्या ते ध्यानात आलं नाही. वेलदोडे वाटले जात होते, आणि सगळं ठीक चाललंय असं त्यांना वाटत होतं.

मग धर्मा आपल्या मुलीला घेऊन आला. बायजा तिचं नाव. तिशीची असेल. नवरा मिठागरावर मजुरी करी. डाव्या छातीत लिंबाएवढी गाठ होती, आणि काखेत दुसरी, वाटाण्याएवढी. डॉक्टरांनी धर्माला सांगितलं, "कापल्यावर वाचेल असं म्हणत नाही. न कापता मरेल, एवढं नक्की म्हणतो."

बायजाच बोलली. "बापूस माजा मचव्याची कुजकी फली काढतो तशी काढा. पन नवी बसवाल कं?"

डॉक्टर हसले. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी मी औषधांची खोली उघडली. कार्बॉलिकची मोठी बाटली फळीवरून काढताना माझ्या हातून निसटली आणि फुटली. मुंबईहून नवी यायला चार दिवस होते. तळाच्या काचेत थोडंसं उरलं होतं, ते मी एका भांड्यात घेतलं. बाकीचं फडक्याने पुसताना माझा उजवा तळहात पांढरा पडला आणि बधिर झाला. तो आम्लासारखाच पदार्थ. कातडीला लागला की आधी भाजल्याचंही कळत नाही.

हत्यारांचं पाणी विसाला एक करायचं असे, स्पंजाचं चाळीसाला एक. मी होतं तेवढं दोन्हीकडे वाटलं आणि वर पाणी ओतलं. शंभराला एकसुद्धा नसेल. नुसतं पाणीच म्हणा.

डॉक्टर आत आले. जमिनीवर सांडलेल्याचा वास सगळीकडे भरून राहिला होता. त्यांनी श्वास घेतला आणि म्हणाले, "आज वास चांगला आहे."

त्यांनी हात धुतले. वळले. "बोला. कुठून गळतं?"

बायजा टेबलावर पडून माझ्याकडेच बघत होती. भिवाने जाळीचं सांगितलं. मदतनीस म्हणाला, नाडी जलद आहे, जरा थांबू. मग माझी पाळी आली. बाटली फुटली, एवढं बोललो असतो तर काम चार दिवस पुढे गेलं असतं. चार दिवसांत गाठ काही मोठी होत नव्हती. पण पुढचा सोमवार माझ्या डोळ्यांपुढे आला. या वेळी गळ्यात काय घालतील, फुटकी बाटली? मी म्हणालो, "उजेड कमी आहे. टेबल खिडकीकडे घेऊ."

टेबल खिडकीकडे घेतलं.

त्या दिवशी डॉक्टरांनी जे काम केलं तसं मी पुन्हा पाहिलं नाही. काखेतल्या मोठ्या शिरेच्या अंगाने बोटाच्या टोकाने एकेक अवधाण सोडवत त्यांनी सगळी काख मोकळी केली. रक्त फार गेलं नाही. टाके ओळीत बसले. बाईचा श्वास शेवटपर्यंत सारखा होता. सगळं झाल्यावर ते माझ्याजवळ आले, डबी उघडली आणि म्हणाले, "उजेडामुळे ती शीर दिसली. चांगलं सांगितलंत." मी डाव्या हाताने वेलदोडा घेतला. उजवा धोतराच्या घडीत होता. तो वेलदोडा मी चावून खाल्ला.

तिसऱ्या दिवशी बायजाला थंडी वाजून ताप आला. चौथ्या दिवशी नवी बाटली आली, आणि मी कधी नव्हे इतकं कडक पाणी करून तिची जखम धुऊ लागलो. तिला झोंबायचं, पण ती ओरडत नसे. पाचव्या दिवशी टाक्यांतून पू येऊ लागला. मी पट्टी सोडत होतो तेव्हा तिने हळूच विचारलं, "दादूस, माजा वास येतंय कं?"

मी म्हणालो, "नाही."

"मंग पोराला आना. दोन दिस आनला नाय त्याला. मना वाटला वासानी आनीत नसतील."

पोराला आणलं. वर्ष-दीड वर्षाचं होतं. त्याने दारातच तोंड फिरवलं आणि रडायला लागलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी खोटा बोलताव." एवढंच. आठव्या दिवशी ती गेली.

सोमवारी डॉक्टर ओसरीवर उभे राहिले. वाचलं, "बायजा. कोपर. जखम नासून मृत्यू." मग थांबले. "कुणाचा हात?" त्यांनी भिवाकडे पाहिलं, मदतनिसाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी औषधाच्या पुड्या बांधत होतो. त्यांनी वही मिटली.

ठाण्याहून वरचे साहेब चौकशीला आले. त्यांनी मला एकट्याला बोलावून विचारलं. मी सांगितलं की डॉक्टरांनी काख फार वेळ उघडी ठेवली, तिथे हात घालायची गरज नव्हती. साहेबांनी डॉक्टरांना ताकीद दिली की यापुढे काखेत सुरी घालायची नाही.

ती ताकीद डॉक्टरांनी फारशी मनावर घेतली नसती. त्यांना दुसरंच काही खात होतं. ते रोज एकटे त्या खोलीत जात, रिकाम्या टेबलापाशी उभे राहत आणि सगळं काम हवेत पुन्हा करत. हात धुणं, हत्यारं, स्पंज, सुरी, टाके. मग बाहेर येऊन म्हणत, "भोक सापडत नाही." शेवटी त्यांनी ठरवलं की विष आपल्याच हातांत असणार. ते कडक कार्बॉलिकने हात धुऊ लागले. कातडी फाटली, बोटांची पेरं चिरली. जेवताना भाताला रक्त लागे. आणि भोक सापडेपर्यंत सुरी धरणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं.

गाठी घेऊन बायका येतच राहिल्या. शीळच्या आल्या, डोंबिवलीच्या आल्या. एक तर लेकीचं लग्न ठरवून आली होती, म्हणाली, मांडवापर्यंत जगले तर पुरे. डॉक्टर तपासत, मुंबईला जा म्हणत. मुंबईला कोण जाणार? त्या घरी जात. वर्षाने डॉक्टर मचव्यात बसून त्यांनाही बघायला जात, आणि वहीत एकेक नाव संपत जाई. मी पेटी घेऊन बरोबर असे. माझ्या एका वाक्याने त्या माणसाच्या हातात सुरी परत आली असती. ते वाक्य मी पेटीसारखं बरोबर वाहत होतो आणि खाली ठेवत नव्हतो. सुरुवातीला भीतीने. पुढे खरं सांगायचं तर मला त्यात गोडीही वाटू लागली. गळ्यात लड घालणारा माणूस रोज माझ्यासमोर हात धुऊन रक्त काढत होता.

हे लिहायला मला चाळीस वर्षं लागली.

काही वर्षांनी त्यांनी नोकरी सोडली. ते बंदराजवळच राहत. नवा मचवा भरायचा असला की धर्मा त्यांना निरोप पाठवी, आणि ते छत्री घेऊन काठावर ओंडक्यावर जाऊन बसत. ज्याची मुलगी आमच्या दवाखान्यात गेली तो त्यांना बसायला जागा पुसून देई. असाच एकदा मीही तिथे गेलो होतो. आज सांगून टाकू, असं मनाशी धरून गेलो होतो.

मचव्यात पाणी चढत होतं. बुडाच्या एका सांध्यातून धार लागली. धर्माने खडूने खूण केली आणि माणसाला कापूस आणायला सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, "हा सांधा कुणी भरला होता?"

"काय म्हाईत," धर्मा म्हणाला.

"विचारत नाही तू?"

धर्माने खडू कानावर ठेवला. "नाय इचारीत. इचारला का दुसरे खेपंला त्यो भोकावर बोट ठेवतो, दागतर. पानी भरंपरत बोट काढीत नाय. मंग दर्यात काढतो."

धार बुजवून झाली तरी डॉक्टर त्या सांध्याकडे बघत होते. मग माझ्याकडे न वळता म्हणाले, "कंपाउंडर, त्या दिवशी तुमचा तळहात पांढरा होता."

मी उजवी मूठ मिटली.

"कुठून गळत होतं?"

इतक्या मऊ आवाजात त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. त्या आवाजात लड नव्हती, ओसरी नव्हती. आणि धर्मा चार हातांवर उभा होता.

मी म्हणालो, "चुना लागला होता, डॉक्टर. पानाचा."

त्यांनी मान हलवली. फाटक्या बोटांनी डबी उघडायला त्यांना वेळ लागला. त्यांनी एक वेलदोडा काढून माझ्यापुढे धरला. मी तो घेतला.

त्याच वर्षी भाद्रपदात ते गेले. तेराव्यानंतर त्यांच्या पत्नीने मला बोलावून वही दिली. म्हणाल्या, "कंपाउंडरला द्या, त्यात एक ओळ राहिलीय, असं सांगून गेले. कोणती ते मला ठाऊक नाही."

मला ठाऊक होती. बायजा, कोपर, जखम नासून मृत्यू. त्यापुढची जागा कोरी. "माझा हात" असं लिहून ते मोकळे होऊ शकले असते. इतर कितीतरी ओळींपुढे तसं लिहिलंही होतं. पण जे सापडलं नाही ते त्यांनी लिहिलं नाही.

धर्मा गेला. भिवा गेला. बायजाचा मुलगा मोठा होऊन मिठागरावर लागला, एवढं ऐकलं होतं. पुढचं ठाऊक नाही. आज सकाळी मी पेटीच्या तळातून ती वही काढली आणि टाक शाईत बुडवला. "माझा हात" इतकंच लिहिणार होतो. पण वही डॉक्टरांची, अक्षर त्यांचं. पुढे कुणी उघडली असती तर त्याने तो हात डॉक्टरांचाच धरला असता. म्हणून माझं नाव लिहिलं, बापाचं लिहिलं, आडनाव लिहिलं, आणि पुढे लिहिलं, कंपाउंडर, उजवा हात, बाटली फुटली, सांगितलं नाही. कोरी जागा पुरली नाही. शेवटचे दोन शब्द समासात गेले.